विकीच्या खुणा : बदलाव्यात की राखाव्यात?

छापखान्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना खूण म्हणजे काय हे सांगावयास नको. हस्तलिखित छापखान्यात धाडण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे. एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली की जुळाऱ्याने समजावे, हा शब्द ठळक खिळ्यांत घ्यावयाचा. खूण स्वतः छापली जात नसे. तिचा हुकूम मात्र पाळला जाई.

आता जुळारी गेला आणि खिळेही गेले. खुणा मात्र राहिल्या. फरक इतकाच, की त्या आता माणसाऐवजी संगणक वाचतो. अशाच खुणांवरून आमच्या मराठी विभागात दोन महिने चाललेल्या वादाची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही प्रथम तसाच वाटला होता.

आधी ‘विकी’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अनेकांनी मिळून लिहावयाची, आणि कोणालाही दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करता येईल, अशी संगणकावरची वही म्हणजे विकी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अशी पहिली वही उघडली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे चटकन. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बसवरून त्याला हे नाव सुचले. पुढे २००१ साली विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ साली मराठी विकिपीडिया. हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु विकी काही केवळ ज्ञानकोशासाठीच असतो असे नाही. पाचसहा माणसांच्या एखाद्या गटाचाही असू शकतो. आमचा तसाच आहे.

आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो २०११ साली सुरू केला. तालुक्यातल्या बोलीतले शब्द विद्यार्थ्यांकरवी गोळा करावयाचे आणि एकेका शब्दाला एकेक पान द्यावयाचे, अशी त्यांची कल्पना होती. विजेचा पंप आला आणि मोट गेली. मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही जाऊ लागले. वस्तू गेली की शब्द फार दिवस थांबत नाही, असे ते म्हणत. आज त्या विकीवर सुमारे तीनशे पाने आहेत. ते सहकारी आता हयात नाहीत. पण कोणतेही पान उघडून त्याचा ‘इतिहास’ पाहिला, तर त्यांचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. या तारखेला अर्थ सुधारला, त्या तारखेला सांगणाऱ्या आजीबाईचे गाव घातले, आणखी एका तारखेला केवळ एक वेलांटी दुरुस्त केली. ही इतिहासाची गोष्ट लक्षात असू द्या. ती पुढे कामाला येणार आहे.

तर २०२४च्या जूनमध्ये आमचे एक तरुण सहकारी स्टाफरूममध्ये म्हणाले, “सर, हा विकी मेल्यात जमा आहे. आठ महिन्यांत मुलांनी चार पानं लिहिली. आपल्या खुणा फार किचकट आहेत. मार्कडाउन घेऊ या.”

त्यांचे म्हणणे समजावून घेण्यासाठी दोन्ही पद्धतींची तोंडओळख करून घेऊ. आमचा विकी मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो. विकिपीडियाही त्यावरच चालतो. त्यात शब्द ठळक करावयाचा तर त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे द्यावी लागतात. तिरपा हवा असेल तर दोन-दोन. मथळ्याच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हे. दुसऱ्या पानाकडे दुवा द्यावयाचा तर चौकटी कंसांची जोडी. मार्कडाउन ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडली. तिच्यात ठळक शब्दाला दोन्हीकडे दोन-दोन तारका पुरतात, आणि मथळ्याच्या आधी हॅशचे एक चिन्ह पुरते. पत्र लिहिताना माणूस सहज ज्या खुणा करतो त्यांच्याशी जुळेल अशी तिची ठेवण आहे. खुणांसकट मजकूर वाचला तरी डोळ्यांना खुपत नाही, हा तिचा मोठा गुण. आजची तरुण मंडळी अनेक ठिकाणी हीच पद्धत वापरतात. तेव्हा तरुण मित्राचे म्हणणे मला एकदम पटले. खरे सांगायचे तर, मी मनात होकार देऊनही टाकला होता.

आमच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला. “मुलांनी खुणांमुळेच लिहिणं सोडलं, हे मुलांना कोणी विचारलंय का?”

कोणीच विचारले नव्हते.

म्हणून आम्ही चार विद्यार्थ्यांना बोलावले. एकच पान दोन्ही पद्धतींनी लिहावयास सांगितले आणि शेजारी मुकाट्याने बसून राहिलो. अर्ध्या तासात जे दिसले ते आमच्यापैकी कोणाच्याही कल्पनेत नव्हते. मुले अडत होती ती खुणा लक्षात ठेवण्यापाशी नव्हे. खुणा उमटविण्यापाशी अडत होती.

प्रकार असा. शासनाने प्रमाण मानलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहू लागले की बहुतेक चिन्हांच्या कळा अक्षरांना दिलेल्या असतात. एकेरी अवतरणाची कळ दाबावी तर ‘ट’ उमटतो. चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ येतो. बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण येते. आणि तारकेसाठी वरच्या कळेसह आठाचा आकडा दाबावा तर ‘श्र’! म्हणजे एक शब्द ठळक करावयाचा तर आधी इंग्रजी कळफलकावर जा, खूण टंका, मराठीवर परत या, शब्द लिहा, पुन्हा इंग्रजीवर जा. हा त्रास मीडियाविकीत आहे आणि मार्कडाउनमध्येही तेवढाच आहे. आपल्या लिपीचा विचार करून या खुणा कोणी ठरविल्याच नव्हत्या. पहिल्या विकीत तर दुवा देण्याची रीत अशी होती की दोन इंग्रजी शब्द जोडून लिहावयाचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे काढावयाचे. देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही! चौकटी कंसांची जोडी पुढे रूढ झाली, म्हणून आपल्याला या घरात पाऊल तरी टाकता आले.

न्यायाने बोलावयाचे तर एका बाबतीत मार्कडाउन आपल्याला सोयीचे आहे. संयोगचिन्ह इन्स्क्रिप्टवरही जागच्या जागी असते. मार्कडाउनमध्ये ओळीच्या आधी ते दिले की यादी होते, आणि ओळीखाली त्याची रांग दिली की वरची ओळ मथळा होते. पण दुसऱ्या बाजूला एक खड्डाही आहे. मार्कडाउनमध्ये क्रमवार यादी करावयाची तर आकडा लिहून टिंब द्यावयाचे. हा आकडा इंग्रजी असला तरच ओळखला जातो. आमच्या विद्यार्थिनीने ‘१’, ‘२’, ‘३’ असे मराठी आकडे घालून मोटेची पाच अंगे ओळीने लिहिली. पडद्यावर ती सगळी एकाच परिच्छेदात एकामागून एक चिकटून उभी राहिली. ती म्हणाली, “सर, याला मराठी येत नाही.” मला यावर उत्तर सुचले नाही.

दुवा देण्याचीही गंमत पाहा. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कुठेही आले तरी तसेच राहते. मराठीत ‘थारोळे’ हा शब्द वाक्यात ‘थारोळ्यात’, ‘थारोळ्याचा’, ‘थारोळ्यापाशी’ अशी रूपे घेतो. पानाचे नाव मूळ रूपात आणि वाक्यातला शब्द सामान्यरूपात. तेव्हा जवळजवळ प्रत्येक दुव्यात दोन्ही लिहावे लागतात. मीडियाविकीत आधी पानाचे नाव, मग उभी रेघ, मग वाक्यातला शब्द. मार्कडाउनमध्ये आधी वाक्यातला शब्द आणि मग पत्ता. क्रम नेमका उलटा. बारा वर्षे एका क्रमाने हात बसलेल्या माणसाला हे जड जाते. त्याहून जड जाते ते एकाच खुणेचे दोन अर्थ होणे. हॅशचे चिन्ह मीडियाविकीत ओळीच्या आधी दिले की क्रमवार यादी होते. मार्कडाउनमध्ये तेच चिन्ह मथळा करते. जुन्या सवयीने लिहिलेली दहा कलमे नव्या पद्धतीत दहा अवाढव्य मथळे होऊन बसतात.

मग आम्ही दुसरी परीक्षा घेतली. तीनशे पाने हाताने बदलणे शक्य नव्हते. त्यासाठी पॅनडॉक नावाचे एक उत्तम साधन आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ साली तयार केले आणि सर्वांना मोफत दिले. एका खूणपद्धतीतला मजकूर ते दुसरीत आणून देते. मार्कडाउनच्या निरनिराळ्या बोली झाल्या होत्या, त्यांना एक नेमके व्याकरण देण्याचा कॉमनमार्क हा प्रयत्न २०१४ साली पुढे आला, त्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. आम्ही मुद्दाम सर्वांत अवघड अशी वीस पाने निवडली आणि पॅनडॉकच्या हाती दिली. सोप्या पानांवर साधन तपासणे म्हणजे उथळ पाण्यात नाव तपासणे होय.

निकाल असा लागला. साधा मजकूर, मथळे, याद्या, ठळक शब्द हे सारे सुखरूप पार पडले. तक्ते मात्र लंगडले. एका शब्दाचे चार अर्थ असले की आमच्या तक्त्यात शब्दाचे घर चार ओळींना मिळून एकच असते. मार्कडाउनच्या मूळ आराखड्यात तक्ताच नाही; पुढे ज्या बोलींत तो आला त्यांतल्या बहुतेकींतही अशी जोडघरे बसत नाहीत. आमच्या तक्त्यातील अर्थ भलत्या शब्दांपुढे जाऊन उभे राहिले. मीडियाविकीत ‘साचा’ नावाची सोय असते. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, नोंद घेतल्याची तारीख ही माहिती आम्ही एका साच्यात भरीत आलो आहोत. मार्कडाउनमध्ये त्याला जोडच नाही. आणि पानांचा इतिहास? तो तर आलाच नाही. येणार तरी कसा? आम्ही साधनाच्या हाती दिला होता तो फक्त शेवटचा मजकूर. एका रात्रीत सगळी पाने बदलली असती, तर प्रत्येक पानाखाली बदलणाऱ्याचेच नाव लागले असते. बारा वर्षांच्या त्या वेलांट्या आणि अनुस्वार, आणि त्या दुरुस्त करणारे ते गृहस्थ, नव्या वहीत कुठेच दिसले नसते.

हे पडद्यावर पाहिले आणि आमचे तरुण सहकारी आपण होऊनच म्हणाले, “हे मात्र मला चालणार नाही.”

मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे मला या वेळी आपल्याच भाषेतले दोन बदल आठवले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्या वेळी पुष्कळ वाद झाला. पण जुनी पुस्तके मुकी झाली नाहीत. अनुस्वारांनी भरलेले पान आजचा विद्यार्थी थोडासा हसून का होईना, पण वाचतो. मोडीचे तसे झाले नाही. मोडी व्यवहारातून गेली, आणि तिच्यातले कागद वाचावयाचे तर आज वेगळे शिक्षण घ्यावे लागते. घरच्या पेटीत पणजोबांचे पत्र असते आणि पणतूला त्यातले एक अक्षर लागत नाही. म्हणून लेखनातल्या कोणत्याही बदलाला मी आता एक प्रश्न विचारतो : हा बदल अनुस्वारासारखा आहे की मोडीसारखा? आमच्या प्रकरणात उत्तर अर्धे-अर्धे आले. खुणांचा मजकूर अखेर साधा मजकूर असतो. खूण चालेनाशी झाली तरी शब्द जागेवर राहतात. चार तारका जास्तीच्या दिसतात इतकेच. तेवढा भाग अनुस्वारासारखा. तक्ते, साचे आणि इतिहास हा भाग मात्र मोडीसारखा. आणि आमच्या कोशाचा जीव नेमका त्यातच होता.

‘सगळ्यांसाठी एकच खूणपद्धती करा म्हणजे हा झगडाच मिटेल,’ असे आपल्या मनात आले असेल. तोही प्रयत्न झालेला आहे. निरनिराळ्या विकींना समान अशी ‘क्रिओल’ नावाची पद्धत काही जाणत्या मंडळींनी मिळून आखली आणि २००७ साली तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. काही विकींनी ती स्वीकारलीही. परंतु जुन्या पद्धती हटल्या नाहीत. त्यांच्या पंगतीला आणखी एक पान वाढले. खुणा दिसूच नयेत, थेट छापल्यासारख्या पानावरच लिहावे, अशी सोय विकिपीडियाने २०१३ साली पुढे आणली. इंग्रजी विकिपीडियावर ती सरसकट चालू करताच जुन्या लेखकांनी इतका विरोध केला, की काही महिन्यांतच ती ज्याला हवी त्याने घ्यावी अशी ऐच्छिक करावी लागली. ही सोय वाईट नव्हती. पण हात बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या हातातले हत्यार बदलले की असेच व्हावयाचे.

मग आम्ही काय ठरविले? खुणा बदलावयाच्या नाहीत असे ठरविले. पण एवढ्यावर थांबलो असतो तर तरुण मित्राचा मूळ प्रश्न तसाच राहिला असता. मुले लिहीत नव्हती हे खरेच होते. म्हणून तीन गोष्टी केल्या. नवे पान उघडले की त्यात मथळे, साचा आणि तक्ता आधीच मांडलेला असतो. मुलांनी फक्त रिकाम्या जागा भरावयाच्या. ठळक शब्द आणि दुवा यांसाठी पानाच्या वर बटणे दिली, म्हणजे कळफलक बदलावा लागत नाही. आणि तिसरे, खुणा चुकल्या तरी चालतील, शब्द आणि सांगणाऱ्याचे नाव चुकता कामा नये, असे मुलांना स्पष्ट सांगितले. खुणा दुरुस्त करण्याचे काम आम्ही मोठ्यांनी वाटून घेतले.

माझ्या बोलण्याचा अर्थ ‘जुने तेच बरे’ असा मात्र घेऊ नका. हाच विकी आज नव्याने सुरू करावयाचा असता, तर मी बहुधा मार्कडाउनच्या बाजूने मत दिले असते. सॉफ्टवेअरची देखभाल बंद पडली असेल, तर बदलावाचून गत्यंतर नसते. पाने थोडी असतील, तक्ते आणि साचे नसतील, आणि लिहिणाऱ्या बहुतेकांना नवी पद्धत आधीच येत असेल, तर खुशाल बदलावे. आपल्या कचेरीत, संस्थेत किंवा मित्रमंडळात असा प्रश्न आला, तर हात घालण्यापूर्वी एवढे पाहावे. दुखणे खरोखर खुणांचे आहे काय, हे लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहावे. सर्वांत अवघड पाने आधी बदलून पाहावीत. काय मागे राहणार याची यादी करावी, आणि ते मागे राहिलेले कोणाचे आहे हेही तिच्यात लिहावे. बदलाचे काम कोण करणार, हे नावानिशी ठरवावे. ‘सगळे मिळून करू’ म्हणजे कोणीच करावयाचे नाही. आणि बदल केलाच, तर जुनी वही मोडू नये. तिच्यात लिहिणे बंद करून ती वाचण्यासाठी तशीच उघडी ठेवावी, आणि इतिहासासकट तिची प्रत उतरवून घ्यावी. ती सोय मीडियाविकीत आहे.

आम्ही हा विषय कायमचा मिटविलेला नाही. दोन वर्षांनी पुन्हा बसावयाचे ठरले आहे, आणि त्या वेळी बाजू मांडण्याचे काम त्याच तरुण सहकाऱ्यांकडे दिले आहे.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने ‘धाव’ या शब्दाचे पान लिहिले. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जात, ती धाव. त्याच्या आजोबांनी सांगितलेला मजकूर होता : बैलांनी मागे सरत वर कसे यावयाचे, त्या वेळी त्यांना काय म्हणावयाचे, सगळे होते. ठळक करण्याची खूण त्याने सुरू केली आणि बंद करावयास विसरला. त्यामुळे अख्खा परिच्छेद काळाभोर दिसत होता. ग्रंथपाल बाईंनी शेवटची तीन अवतरणचिन्हे जागच्या जागी घातली. इतिहासात त्या दिवशी दोन नोंदी झाल्या. पहिली त्या मुलाची आणि तिच्याखेरीज बाईंची.